प्रिंटरवर उमटणारी अगम्य पाने : लक्षणे, परीक्षा व उपाय

प्राथमिक शाळेच्या दप्तरकामात प्रिंटर हे आता नित्याचे साधन झाले आहे. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड प्रमाणपत्र, शिष्यवृत्तीचे अर्ज, चाचणीच्या प्रश्नपत्रिका, शालेय पोषण आहाराचे तक्ते अशी अनेक कामे त्याच्यावर अवलंबून असतात. हे यंत्र अजिबात बंद पडले, तर ते बंद पडले एवढे तरी निश्चित कळते. परंतु कित्येकदा ते चालूच राहते, कागद ओढते, आणि दाखल्याऐवजी चित्रविचित्र खुणांनी भरलेली पाने एकामागून एक बाहेर टाकू लागते. अशा वेळी शिक्षक गोंधळून जातो, आणि यंत्र बिघडले असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

शाळाभेटींच्या वेळी याचे परिणाम दृष्टीस पडतात. प्रिंटर कपाटात जातो. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्याच्यापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो. पुढे यथावकाश निर्लेखनाचा प्रस्ताव तयार होतो. दरम्यानच्या काळात एका दाखल्याच्या छपाईसाठी शिक्षकाला अथवा पालकाला तालुक्याच्या गावी हेलपाटा घालावा लागतो, आणि मोलमजुरी करणाऱ्या पालकाचा त्या दिवसाचा रोज बुडतो. कपाटातील असा प्रिंटर संगणकाशी न जोडता नुसता चालू करून त्याचे स्वतःचे परीक्षापान छापून पाहावे, तर ते पुष्कळदा स्वच्छ व सुवाच्य निघते. म्हणजे यंत्र धडधाकट असते. बिघाड अन्यत्र असतो.

हा बिघाड कोठे असतो, तो कसा ओळखावा, आणि मुलांना त्यातून कोणता पाठ देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. अगम्य पान कशास म्हणावे

प्रथम दोन प्रकारचे दोष निराळे करावेत. पान फिकट येणे, उभे काळे पट्टे उमटणे, मजकूर पुसला जाणे, ठिपके पडणे, हे शाईचे, टोनरचे अथवा यंत्राच्या अंगातील भागांचे दोष होत. त्यांत अक्षर खराब दिसते, परंतु ते आपणच लिहिलेले अक्षर असते. त्यासाठी टोनर बदलणे, शाईची तोंडे साफ करणे असे उपाय आहेत व ते येथे अभिप्रेत नाहीत.

अगम्य पानावर छपाई ठळक व स्वच्छ असते. मात्र जे छापले ते आपण लिहिलेले नसते. ‘श्री’च्या जागी रोमन अक्षरांची गर्दी, चौकटी, प्रश्नचिन्हे, अथवा एका ओळीत चारदोन खुणा आणि बाकी पान कोरे, असे त्याचे स्वरूप असते. येथे हात बिघडलेला नाही, समज बिघडलेली आहे. यंत्राने मिळालेला मजकूर निष्ठेने छापला आहे; केवळ तो कोणत्या भाषेत आहे याविषयी त्याचा गैरसमज झाला आहे. हा फरक एकदा ध्यानात आला म्हणजे निम्मे काम झाले.

२. अक्षराचा प्रवास

संगणकास अक्षर ठाऊक नसते. त्यास आकडे ठाऊक असतात. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या ॲस्की या अमेरिकन संकेतात १२८ जागा असून, त्यात रोमन मोठ्या ‘ए’चा आकडा ६५ आहे. देवनागरीसाठी आज सर्वत्र मान्य असलेला युनिकोड हा संकेत १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्यात ‘क’चा आकडा २३२५ आहे. आपण कळफलकावर ‘क’ दाबला म्हणजे धारिकेत हा आकडा साठविला जातो. त्या आकड्याला ‘क’चे रूप देण्याचे काम फॉन्ट करतो. हा प्रवासाचा पहिला टप्पा होय.

दुसरा टप्पा दुभाष्याचा. संपूर्ण पान तयार झाल्यावर ते प्रिंटरला समजेल अशा भाषेत सांगावे लागते. प्रिंटरच्याही भाषा आहेत. ॲडोबी कंपनीने १९८४ साली पोस्टस्क्रिप्ट ही भाषा आणली. त्याच साली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या पहिल्या लेझरजेट प्रिंटरबरोबर पीसीएल या भाषेचा प्रसार सुरू झाला. कमी किमतीचे बरेचसे प्रिंटर यांपैकी कोणतीही भाषा पूर्णपणे जाणत नाहीत. त्यांच्यासाठी संगणकच पानाचे ठिपक्यांत रूपांतर करून त्या त्या कंपनीच्या खास रीतीने पाठवितो. हे भाषांतर करणारी जी आज्ञावली संगणकात बसविलेली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्याच होय. तमिळ जाणणाऱ्या पाहुण्यापुढे बंगालीचा दुभाष्या उभा केला, तर दोष पाहुण्याचा नाही, तसेच येथेही समजावे.

तिसरा टप्पा रांगेचा. तयार झालेली कामे संगणक एका रांगेत ठेवतो व क्रमाने प्रिंटरकडे धाडतो. ही रांग सांभाळणाऱ्या व्यवस्थेस स्पूलर असे म्हणतात. चौथा टप्पा वाटेचा, म्हणजे तारेचा अथवा बिनतारी जोडणीचा. पाचवा व शेवटचा टप्पा प्रिंटरचा.

या पाच टप्प्यांपैकी कोठेही वाचन चुकले, तरी पान अगम्य होते. मात्र प्रत्येक टप्प्यावरील चुकीचे पान निराळे दिसते. म्हणूनच पहिले अगम्य पान चुरगाळून फेकू नये. ते जपून ठेवावे व वाचावे. वैद्य जशी नाडी पाहतो, तसे ते पान पाहावयाचे आहे.

३. प्रथम काय करावे

अगम्य पाने येऊ लागताच घाईने प्रिंटरचे बटण बंद करण्याकडे आपला स्वाभाविक कल असतो. तसे केल्यास पाने थांबतात. परंतु प्रिंटर पुन्हा चालू करताच उरलेले काम संगणक पुढे धाडतो, आणि या वेळी कामाचा आरंभ हरवलेला असल्यामुळे गोंधळ अधिकच वाढतो. यास्तव पुढील क्रम पाळावा.

(अ) कागदाचा ट्रे ओढून घ्यावा अथवा वरचे कागद काढून घ्यावेत. कागदाची नासाडी तत्काळ थांबते.

(आ) संगणकावरील छपाईची रांग उघडून सर्व कामे रद्द करावीत.

(इ) त्यानंतर प्रिंटर बंद करावा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवावा.

(ई) रांगेतील काम रद्द होत नसेल, तर संगणक रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा व रांग रिकामी झाल्याची खात्री करून घ्यावी.

(उ) शेवटी प्रिंटर चालू करून केवळ एक पान छापण्याची आज्ञा द्यावी.

पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते. भागले नाही, तर पुढील लक्षणे ताडून पाहावीत.

४. पानावरील लक्षणे व त्यांचा अर्थ

पहिले लक्षण : पानाच्या माथ्यावर एक-दोन ओळी विचित्र खुणा, खाली पान कोरे, आणि अशी पाने मोठ्या संख्येने. ही दुभाष्या चुकल्याची प्रमुख खूण आहे. ठिपक्यांचे चित्र म्हणून पाठविलेले आकडे प्रिंटर अक्षरे म्हणून वाचीत असतो. ॲस्की संकेतात १२ या आकड्याचा अर्थ ‘पान संपले, पुढचे घ्या’ असा आहे. चित्राच्या आकड्यांत जेथे जेथे १२ येतो, तेथे तेथे प्रिंटर इमाने इतबारे नवे पान घेतो. एका पानाच्या दाखल्यातून चाळीस-पन्नास पाने निघण्याचे रहस्य हेच आहे.

दुसरे लक्षण : पान रोमन अक्षरांनी भरलेले, परंतु बारकाईने पाहता त्यात इंग्रजी शब्द व आकडे यांची आज्ञेसारखी मांडणी. पहिल्या ओळीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व त्यास लागून उद्गारचिन्ह असेल, तर तो पोस्टस्क्रिप्ट भाषेतील मजकूर होय. त्या भाषेचा दुभाष्या निवडला गेला आहे, पण प्रिंटरला ती भाषा येत नाही. म्हणून त्याने आज्ञा पाळण्याऐवजी त्या जशाच्या तशा छापून दाखविल्या. अशा वेळी यंत्रावर लिहिलेले नाव व क्रमांक पाहून नेमका त्याच क्रमांकाचा ड्रायव्हर बसवावा. क्रमांकाच्या शेवटच्या एका अक्षराच्या फरकानेही यंत्राची जात बदलते.

तिसरे लक्षण : पानावर ‘एरर’ या शब्दासह तीन-चार स्वच्छ इंग्रजी ओळी. यात ‘पीसीएल एक्सएल एरर’ हे शब्द नेहमी आढळतात. हे अगम्य पान नसून प्रिंटरची तक्रार आहे. भाषा त्याने ओळखली, पण एक वाक्य त्यास उलगडले नाही. पुष्कळदा दोष त्या एका धारिकेतच असतो. दुसरी धारिका छापून पाहावी. ती नीट आली तर पहिलीतील जड चित्र अथवा विचित्र फॉन्ट काढून पुन्हा प्रयत्न करावा.

चौथे लक्षण : पहिली काही पाने बरोबर, मग वीज गेली, आणि वीज आल्यावर अगम्य पाने सुरू. ग्रामीण भागात हे विशेषेकरून घडते. लॅपटॉप आपल्या बॅटरीवर चालू राहतो, प्रिंटर मात्र बंद पडतो. आपण कोणत्या भाषेत बोलत आहोत, ही सूचना कामाच्या आरंभी एकदाच दिलेली असते. वीज परत आल्यावर प्रिंटरला कामाचा मधलाच भाग मिळतो. ती सूचना त्याने ऐकलेली नसते. येथे काहीही बिघडलेले नाही. वर दिलेला रांग रिकामी करण्याचा क्रम हाच संपूर्ण उपाय होय.

पाचवे लक्षण : छपाईची आज्ञा कोणी दिलेली नसताना पाने निघणे. २०१२ च्या जून महिन्यात मिलिसेन्सो नावाच्या एका उपद्रवी आज्ञावलीमुळे अनेक देशांतील कार्यालयांचे प्रिंटर कागद संपेपर्यंत अगम्य पाने छापीत राहिले. ती आज्ञावली छपाईच्या रांगेच्या कप्प्यात स्वतःची धारिका टाकीत असे, आणि स्पूलर ती छपाईचे काम समजून पुढे धाडीत असे. असा प्रकार आढळल्यास संगणक इंटरनेटपासून तोडावा, जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि तोपर्यंत त्यावर पेनड्राइव्ह लावून दुसऱ्या संगणकास लावू नये.

५. देवनागरी मजकुराची विशेष लक्षणे

वरील पाच प्रकारांत संपूर्ण पान बिघडते. परंतु कित्येकदा पानाची चौकट, तक्ता, मुद्रा सारे जागेवर असते आणि फक्त मराठी मजकूर बिघडलेला असतो. अशा वेळी प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा बसविण्यात वेळ दवडू नये. दोष पहिल्या टप्प्यावर, म्हणजे संकेतात अथवा फॉन्टमध्ये आहे.

मराठीच्या जागी केवळ रोमन अक्षरे व विरामचिन्हे उमटली, तर मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला आहे असे समजावे. शिवाजी, किरण, श्री-लिपीचे जुने फॉन्ट, यांत देवनागरीची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत. धारिकेत आकडा रोमन अक्षराचाच. डोळ्यांना दिसणारे रूप मात्र मराठी. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे पडदा बाजूस सरतो व आतील रोमन अक्षर उघडे पडते. असा दाखला दुसऱ्या संगणकावर छापावयाचा असल्यास धारिका पाठविताना तिचे पीडीएफ करून, फॉन्ट त्यातच अंतर्भूत करून पाठवावी.

मराठीच्या जागी रिकाम्या चौकटी आल्या, तर संकेत योग्य आहे पण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरीची रूपेच नाहीत. मजकूर निवडून त्यास मंगल, निर्मला अथवा अन्य युनिकोड देवनागरी फॉन्ट लावावा.

डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन लघु ‘ए’ हे चिन्ह पुनःपुन्हा, सामान्यतः दर तिसऱ्या जागी आलेले दिसले, तर युनिकोड मजकूर भलत्याच कोष्टकाने वाचला गेला आहे. युटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हासाठी तीन लहान आकडे साठविले जातात, व त्यांपैकी पहिला सर्वांचा समान असतो. त्या समान आकड्याचेच हे रोमन चिन्ह होय. धारिका उघडताना ‘युटीएफ-८’ हा पर्याय निवडला म्हणजे मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. एकही अक्षर नष्ट झालेले नसते.

वेलांटी अक्षराच्या मागे पडणे, जोडाक्षर फुटून पाय मोडलेले दिसणे, काना-मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ येणे, ही चौथी खूण. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ व मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम साठविला जातो. ती वेलांटी डावीकडे नेऊन बसविणे हे आज्ञावलीचे काम असते. आज्ञावली जुनी असली तर ते होत नाही. पडद्यावर ठीक व कागदावरच असे होत असल्यास पीडीएफ वाचकाच्या छपाईच्या पर्यायांत ‘चित्र म्हणून छापा’ अशी सोय असते, ती वापरावी. छपाई थोडी मंद होईल, पण अक्षरे पडद्यावर दिसतात तशीच येतील.

येथे एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगणे प्राप्त आहे. संपूर्ण अगम्य पान कोणीही दाखला म्हणून हाती देत नाही. ते आपला दोष आपणच ओरडून सांगते. खरा धोका जवळजवळ बरोबर आलेल्या पानाचा आहे. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना रफार व ऱ्हस्व वेलांटी यांची अदलाबदल किंवा गळती होण्याचा संभव असतो. ‘वर्षा’चे ‘वषा’ होते, ‘शर्मिला’ची ‘शमिला’ होते. आणि पान इतके नीटनेटके असते की, मुख्याध्यापकांची सही सहज होऊन जाते. पुढे ती मुलगी महाविद्यालयात अथवा नोकरीस जाते तेव्हा दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव व जातप्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही. एका रफारासाठी प्रतिज्ञापत्रे व खेटे सुरू होतात. यास्तव छापील दाखला सहीपूर्वी जनरल रजिस्टरमधील हस्तलिखित नोंदीशी एक एक अक्षर लावून, शक्य तर दोघांनी मिळून, एकाने वाचून व दुसऱ्याने पाहून, ताडून घ्यावा. हा नियम कोणत्याही परिस्थितीत सोडू नये.

६. क्रमवार परीक्षा

लक्षणांवरून निश्चित निदान झाले नाही, तर शेवटच्या टप्प्यापासून मागे जात परीक्षा करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा या परीक्षेचा प्राण आहे. तार, ड्रायव्हर व फॉन्ट तिन्ही एकदम बदलले आणि छपाई सुधारली, तरी दोष कशात होता हे कळत नाही. तो पुढच्या महिन्यात पुन्हा उद्भवतो आणि आपण पुन्हा तेथेच उभे राहतो.

परीक्षा पहिली : तार काढून प्रिंटरचे स्वतःचे परीक्षापान छापावे. ते कोणत्या बटणाने निघते, हे यंत्रासोबतच्या पुस्तिकेत दिलेले असते. हे पान अगम्य आले, तरच प्रिंटर दुरुस्तीस पाठविण्याचा विचार करावा.

परीक्षा दुसरी : तार जोडून संगणकातील प्रिंटरच्या माहितीपत्रकातून ‘प्रिंट टेस्ट पेज’ ही आज्ञा द्यावी. पहिले पान चांगले व हे वाईट आले, तर दोष ड्रायव्हर, रांग अथवा वाट यांत आहे.

परीक्षा तिसरी : नोटपॅडमध्ये एक ओळ रोमन व एक ओळ मराठी लिहून छापावी. रोमन बरोबर व मराठी चूक आली, तर फॉन्टकडे वळावे. दोन्ही बरोबर आल्या, तर दोष मूळ धारिकेत आहे.

परीक्षा चौथी : तीच तार, तोच प्रिंटर, पण संगणक दुसरा. येथे छपाई नीट झाली, तर पहिल्या संगणकावरील प्रिंटरची नोंद काढून टाकावी, संगणक पुन्हा सुरू करावा आणि ड्रायव्हर नव्याने बसवावा.

परीक्षा पाचवी : तार बदलून पाहणे. ही परीक्षा शेवटी ठेवण्याचे कारण असे की, यूएसबी जोडणीत पाठविलेला मजकूर सुखरूप पोहोचला की नाही हे पडताळण्याची सोय अंगभूत असते. त्यामुळे सदोष तारेने छपाई सहसा थांबते किंवा मध्येच तुटते. अक्षरे बदलण्याचा प्रकार क्वचित घडतो. जुन्या ठिपकेवजा प्रिंटरच्या जाड तारेत मात्र अशी सोय नव्हती. तेथे एक तार तुटली की अक्षरे बदलत, हे पुढील पाठात मुलांना करून दाखविता येईल.

ड्रायव्हर नेहमी प्रिंटरच्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. ‘मदत केंद्र’ म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या कोणत्याही दूरध्वनी क्रमांकावर विसंबून संगणकाचा ताबा परक्याच्या हाती देऊ नये. शाळेच्या संगणकात मुलांची व पालकांची खाजगी माहिती असते, आणि ती सांभाळण्याची जबाबदारी आपली असते.

७. वर्गपाठाचे टाचण

इयत्ता : सहावी किंवा सातवी. वेळ : दोन तासिका. साहित्य : फळा, खडू, कागदाच्या चिठ्ठ्या. संगणकाची गरज नाही.

उद्देश : (१) संदेशाचा अर्थ पाठविणारा व घेणारा यांच्या समान कोष्टकावर अवलंबून असतो, हे मुलांना अनुभवाने कळावे. (२) चूक कोठे झाली हे तर्काने शोधण्याची सवय लागावी.

प्रतिपादन : फळ्यावर पहिले कोष्टक लिहावे. १ क, २ म, ३ ळ, ४ घ, ५ र, ६ न, ७ ग, ८ ज, ९ स. शेजारी दुसरे कोष्टक लिहावे. १ न, २ क, ३ स, ४ म, ५ ळ, ६ ग, ७ र, ८ घ, ९ ज. वर्गाचे दोन गट करावेत. पहिल्या गटाने पहिल्या कोष्टकाने शब्द आकड्यांत लिहून पाठवावा. दुसऱ्या गटाने दुसऱ्या कोष्टकाने वाचावा.

‘कमळ’ हा शब्द १, २, ३ असा जाईल व ‘नकस’ असा वाचला जाईल. मुले हसतील. हे अगम्य पान होय. आता ‘जग’ पाठवावयास सांगावे. ८, ७ हे आकडे दुसऱ्या गटाला ‘घर’ असे दिसतील, आणि त्यांना शंकाही येणार नाही. ‘नगर’ पाठविल्यास ६, ७, ५ यांतून ‘गरळ’ निघेल. येथे थांबून विचारावे : ‘यांपैकी कोणती चूक पटकन सापडली? कोणती अधिक वाईट?’ उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे.

यानंतर नियम करावा की, प्रत्येक संदेशाच्या पहिल्या चिठ्ठीवर ‘पहिले कोष्टक’ किंवा ‘दुसरे कोष्टक’ असे लिहावे. काही वेळ खेळ नीट चालला म्हणजे शिक्षकांनी एका संदेशाची पहिली चिठ्ठी हळूच काढून घ्यावी. घेणारा गट आपल्या सवयीचे कोष्टक वापरील व घोटाळा होईल. वीज गेल्यानंतरच्या अगम्य पानांचे कारण मुलांना न सांगता उमजेल.

दुसऱ्या तासिकेत चार मुले ओळीने उभी करावीत. त्यांच्या गळ्यात ८, ४, २, १ अशा पाट्या अडकवाव्यात. पाठवावयाचा आकडा ज्या पाट्यांची बेरीज असेल, ती मुले उभी राहतील, बाकीची बसतील. ५ साठी ४ व १ उभी राहतील. आता १ ची पाटी असलेल्या मुलाला कायम बसून राहावयास सांगावे. ही तुटलेली तार. पहिल्या कोष्टकाने ‘घर’ म्हणजे ४, ५ पाठविल्यास ४, ४ पोहोचेल व ‘घघ’ असे वाचले जाईल. परंतु ‘मन’ व ‘जन’ हे शब्द सुखरूप पोहोचतील, कारण त्यांचे आकडे सम आहेत. ‘काही शब्द बिघडतात, काही बिघडत नाहीत, असे का?’ हा प्रश्न विचारून मुलांना विषम आकड्यांपर्यंत येऊ द्यावे. वेड्यावाकड्या दिसणाऱ्या चुकीतही नियम असतो, हा शोध त्यांचा त्यांनी लावलेला असला म्हणजे तो विसरला जात नाही.

सामान्यीकरण : संदेश बिघडला असता (१) कोष्टक चुकले काय, (२) आरंभ हरवला काय, (३) वाट सदोष आहे काय, हे तीन प्रश्न क्रमाने विचारावेत.

स्वाध्याय : (१) ४ ची पाटी असलेले मूल बसून राहिल्यास ‘नगर’ हा शब्द कसा पोहोचेल? (२) दोन्ही कोष्टकांत अर्थपूर्ण ठरणारा आणखी एक शब्द शोधा. (३) संदेश बरोबर पोहोचला की नाही, हे घेणाऱ्याला कळावे म्हणून काय युक्ती करता येईल?

८. समारोप

शिक्षकाच्या मूळ कामाशी हा विषय वाटतो तितका दूरचा नाही. ‘एकावन्न’ ऐकून १५ लिहिणारे मूल आपणास पहिल्या-दुसऱ्या इयत्तेत नेहमी भेटते. त्याने कानांनी ऐकलेल्या क्रमाने, आधी एक व मग पन्नासाचे पाच, असे इमानाने लिहिलेले असते. त्याचे कोष्टक निराळे आहे, एवढेच. जो शिक्षक त्याच्या वहीवर फुली मारून पुढे जातो, तो प्रिंटरला कपाटात ठेवणाऱ्यासारखे वागतो. जो ती चूक वाचतो, त्याला मुलाच्या विचाराची वाट सापडते.

प्रत्येक शाळेने प्रिंटरसाठी एक लहान नोंदवही ठेवावी. तीत तारीख, पानावरील लक्षण, केलेली परीक्षा व गुण आलेला उपाय एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात, आणि पहिले अगम्य पान त्यास जोडावे. शिक्षकांची बदली झाली तरी हा अनुभव शाळेत राहतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत अशा नोंदींची देवाणघेवाण झाल्यास एका शाळेचा उपाय दहा शाळांच्या कामी येईल. उरलेल्या अगम्य पानांच्या कोऱ्या बाजू मुलांच्या कच्च्या कामासाठी वापरण्यास हरकत नाही. मात्र त्यांवर कोणाही मुलाचे नाव, आधार क्रमांक अथवा बँक खात्याचा तपशील वाचता येण्याजोगा राहिलेला नाही, हे आधी पाहून घ्यावे.

कोणताही प्रिंटर निर्लेखनासाठी प्रस्तावित करण्यापूर्वी वर दिलेल्या पाचही परीक्षा करून त्यांचा निष्कर्ष प्रस्तावासोबत जोडावा. शिक्षक-बंधुभगिनी या कामी आपल्या वर्गातील मोठ्या मुलांनाही सोबत घेतील, आणि गावातील एकाही पालकाला केवळ एका कागदासाठी तालुक्याचा रस्ता धरावा लागणार नाही याची काळजी वाहतील, अशी अपेक्षा आहे.